भात सोडला, सुई तेवढीच राहिली : इन्सुलिन आणि लो-कार्ब आहाराची जुनी गोष्ट

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्री पावणेबाराला फोन वाजला. पलीकडे एका जुन्या पेशंट काकूंचा मुलगा होता. "डॉक्टर, आई घामाने चिंब झालीये आणि काहीतरी भलतंच बोलतेय. मीटरवर ४१ दाखवतंय." काकूंना गिळता येत होतं, म्हणून त्याला पाण्यात तीन-चार चमचे साखर विरघळवून लगेच पाजायला सांगितलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तेव्हा शुगर ६८ होती. आणखी एकदा साखरपाणी दिल्यावर ती ९६ झाली. मग काकू शुद्धीत येऊन मुलालाच रागावल्या, एवढ्या रात्री डॉक्टरांना कशाला त्रास दिलास म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्या क्लिनिकमध्ये आल्या. चार दिवसांपूर्वी भाच्याने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला होता. तो पाहून काकूंनी पोळी, भात, भाकरी सगळं एकदम बंद केलं. जेवणात फक्त पनीर, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर आणि ताक. इन्सुलिन मात्र नेहमीचंच, सकाळी २४ युनिट आणि रात्री १६. काकू म्हणाल्या, "तुम्हीच म्हणता ना डॉक्टर, भात कमी करा? केला. तर ही शिक्षा?"

मी त्यांची फाईल उघडली. सहा महिन्यांपूर्वीच्या माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'भात, बटाटा, साबुदाणा कमी करणे.' आहार कमी केला तर इन्सुलिनचं काय करायचं, याबद्दल एक शब्दही नव्हता. व्हिडिओवाल्याने जी चूक केली तीच मीही केली होती, फक्त माझी चूक लेटरहेडवर होती.

काकूंचे यजमान निवृत्त शिक्षक. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, हे लो-कार्ब म्हणजे नवीन फॅडच ना?" त्यांना तेव्हा थोडक्यात उत्तर दिलं, पण प्रश्न डोक्यात राहिला. हे फॅड नाही आणि नवीन तर मुळीच नाही. ते इन्सुलिनपेक्षा सव्वाशे वर्षांनी जुनं आहे. आणि इन्सुलिन आल्यापासून गेली शंभर वर्षं डॉक्टर मंडळी एकाच प्रश्नावर भांडत आहेत : जेवण बघून सुई ठरवायची, की सुई बघून जेवण? तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी इन्सुलिन घेत असेल, तर ही गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे.

लघवीला मुंग्या लागणारा 'मधुमेह' आपल्या आयुर्वेदाला फार पूर्वीपासून ठाऊक होता. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकारही सांगितले, एक जन्मतःच येणारा आणि दुसरा अपथ्याने होणारा. पण लघवीतला तो गोडवा म्हणजे खरोखर साखर आहे आणि ती रक्तातही असते, हे इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ मध्ये दाखवलं. मग पुढचा विचार सरळ होता. साखर बाहेर पडते, तर ती आत येते कुठून?

जॉन रोलो नावाच्या लष्करी सर्जनने त्यावर पैज लावली. त्यांचा रुग्ण होता तोफखान्यातला कॅप्टन मेरेडिथ. हा गृहस्थ पूर्वी २३२ पौंडांचा, म्हणजे १०५ किलोचा होता आणि आजारात १६२ पौंडांवर आला होता. रोलोनी त्याचं धान्य आणि भाजीपाला जवळजवळ तोडला. सकाळी दूध, त्यात चुन्याची निवळी आणि थोडा ब्रेड-लोणी. दुपारी प्राण्याचं रक्त आणि चरबी यांचं पुडिंग. रात्री शिळं, चरबीदार मांस. वाचूनच कसंसं होतं, पण मेरेडिथच्या लघवीतली साखर गेली आणि तब्येत सुधारली. रोलोचं पुस्तक १७९७ मध्ये आलं. आज आपण ज्याला लो-कार्ब म्हणतो त्याची पाश्चात्त्य वैद्यकातली पहिली नीट लिहिलेली केस ती हीच. मेरेडिथ वयाने मोठा आणि जाड होता, म्हणजे आजच्या भाषेत बहुधा टाईप २. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा घोळ इथेच होणार आहे.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे बूशार्दा हे या विषयातले मोठे नाव. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, शहरात अन्नाचे हाल झाले, आणि बूशार्दांच्या लक्षात आलं की त्यांच्या काही मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर चक्क नाहीशी झाली आहे. कमी खा, पिष्टमय पदार्थ टाळा, अंगमेहनत करा आणि लघवी स्वतः तपासा, असं ते रुग्णांना सांगत. दीडशे वर्षांनी मी तेच सांगतो, फक्त लघवीच्या जागी बोटातलं रक्त आलं. नेपल्सचे कान्तानी तर पथ्य मोडू नये म्हणून रुग्णांना सरळ खोलीत कुलूप लावून ठेवत. हा उपाय मला कधी कधी मोहात पाडतो, पण ते असो.

आता १९१४ नंतरच्या अमेरिकेत या. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेडरिक ॲलन नावाचे डॉक्टर काम करत होते. तोवर १८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढल्यावर त्याला मधुमेह होतो हे दाखवलं होतं. स्वादुपिंडातून काहीतरी पाझरतं आणि ते साखर सांभाळतं, एवढं कळलं होतं. पण ते 'काहीतरी' कुणालाच बाटलीत भरता येत नव्हतं. लहान मुलांना हा आजार झाला की वर्ष-दोन वर्षांत मूल जायचं. ॲलन यांनी हिशेब मांडला : शरीरात जेवढी ताकद उरली आहे तेवढंच त्याच्यासमोर ठेवायचं. नुसती कर्बोदकंच नाही, तर प्रथिनं, चरबी, एकूण अन्नच कमी. आधी लघवीतली साखर जाईपर्यंत उपास, मग ग्रॅम-ग्रॅम मोजून अन्न. भाज्या तीन तीन वेळा उकळून पाणी फेकायचं, म्हणजे त्यात असलेलं थोडं पिष्टही निघून जाईल आणि पोटाला फक्त चोथा मिळेल.

ॲलन यांनी १९१९ मध्ये आपल्या ७६ रुग्णांची हकिगत छापली. त्यात १२ वर्षांचा एक आंधळा मुलगा आहे. त्याच्या लघवीत साखर येत राहिली, तेव्हा डॉक्टरांना कळेना की याला अन्न मिळतं कुठून. मग कळलं. तो टूथपेस्ट खात होता, आणि पाळलेल्या कॅनरी पक्ष्याच्या पिंजऱ्यातले दाणे. पुढे तो मुलगा हाडांचा सापळा होऊन गेला. मी ही हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. पेशंट पथ्य पाळत नाहीत म्हणून आपण सहज चिडतो. तेव्हापासून माझं चिडणं थोडं कमी झालं.

पण ॲलन निर्दय नव्हते. त्यांना वेळ हवा होता. आज ना उद्या औषध सापडेल, तोवर श्वास चालू ठेवायचा. हा जुगार किती जणांना लाभला? फार थोड्यांना. पण त्या थोड्यांत एलिझाबेथ ह्यूज होती. तिचे वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज हे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. तिला अकराव्या वर्षी मधुमेह झाला आणि १९१९ पासून ती ॲलन यांच्या उपचाराखाली होती. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती टोरांटोला पोचली तेव्हा पंधरा वर्षं पूर्ण व्हायला दोन-तीन दिवस कमी होते आणि वजन होतं ४५ पौंड. म्हणजे २० किलो. आपल्याकडे पहिलीतल्या मुलीचं असतं तेवढं.

टोरांटोची हकिगत तुम्ही शाळेत वाचली असेल. १९२१ च्या उन्हाळ्यात बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लाऊड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर काम सुरू केलं. नंतर कॉलिप या रसायनतज्ज्ञाने तो अर्क शुद्ध केला. ११ जानेवारी १९२२ ला १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिलं इंजेक्शन दिलं ते फारसं लागू पडलं नाही, सुईच्या जागी गळू झालं. २३ जानेवारीला कॉलिपच्या अर्काने मात्र लघवीतली साखर आणि किटोन दोन्ही गेलं. पुढच्याच वर्षी बँटिंग आणि मॅक्लाऊड यांना नोबेल मिळालं.

एक गोष्ट मात्र शाळेत सांगत नाहीत. कॉलिपने अर्क सशांना टोचला तेव्हा काही सशांना झटके येऊ लागले. रक्तातली साखर फार खाली गेली होती. ग्लुकोज दिलं की ससा पुन्हा उठून बसायचा. म्हणजे इन्सुलिन माणसाला मिळालं त्याच सुमारास 'हायपो' म्हणजे काय हेही कळलं. इतकंच नाही, सुरुवातीचं इन्सुलिनचं 'युनिट' सुद्धा त्यावरूनच ठरलं : उपाशी ठेवलेल्या दोन किलोच्या सशाची शुगर चार तासांत ४५ पर्यंत, म्हणजे झटके येण्याच्या पातळीवर, उतरवणारी मात्रा म्हणजे एक युनिट. ते फार मोठं ठरलं म्हणून लवकरच त्याचा तिसरा भाग म्हणजे एक युनिट असं धरलं. काकूंच्या मीटरवर ४१ होतं. तुम्ही पेनाचं बटण फिरवून '१६' आणता ना, त्या आकड्यामागे तो ससा आहे.

एलिझाबेथला बँटिंगनी इन्सुलिन दिलं आणि भरपूर खायलाही घातलं. आईला लिहिलेल्या पत्रांत ती ब्रेड पुन्हा खायला मिळाल्याचं हरखून सांगते. ती पुढे शिकली, संसार केला, मुलं झाली आणि १९८१ मध्ये गेली. जवळजवळ साठ वर्षं आणि चाळीस हजारांवर इंजेक्शनं!

मग इन्सुलिन आल्यावर पथ्य संपलं का? नाही. इन्सुलिन महाग होतं, तुटपुंजं होतं, दिवसातून दोन-तीनदा टोचावं लागायचं. शिवाय हायपोची भीती. त्यामुळे पहिली काही वर्षं रुग्ण कमी कर्बोदकं, जास्त चरबी आणि थोडं इन्सुलिन यांवरच राहिले. म्हणजे 'इन्सुलिन अधिक लो-कार्ब' ही जोडी हा खरं तर इन्सुलिनयुगाचा पहिला अध्याय आहे. बॉस्टनचे जॉस्लिन आहार, इन्सुलिन आणि व्यायाम यांना एका रथाचे तीन घोडे म्हणत. एक घोडा हळू केला आणि बाकीचे दोन तसेच उधळले, तर रथाचं काय होतं ते काकूंना विचारा.

या काळातला माझा आवडता माणूस म्हणजे आर. डी. लॉरेन्स. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधला तरुण डॉक्टर. हाडावर काम करताना एक कपची डोळ्यात उडाली, तिथे जंतुसंसर्ग झाला, आणि तपासणीत १९२० मध्ये मधुमेह निघाला. आपण फार जगणार नाही हे कळल्यावर घरच्यांना त्रास नको म्हणून तो इटलीत फ्लॉरेन्सला गेला, तिथे थोडी प्रॅक्टिस करत मरणाची वाट पाहू लागला. १९२३ मध्ये लंडनच्या सहकाऱ्याची तार आली : इन्सुलिन मिळालंय, लागू पडतंय, ताबडतोब परत ये. अर्धमेला लॉरेन्स गाडी चालवत युरोप ओलांडून आला आणि मे महिन्याच्या अखेरीस त्याला पहिलं इंजेक्शन मिळालं. त्यानंतर तो पंचेचाळीस वर्षं जगला. १९३४ मध्ये त्याने आपला रुग्ण, प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स, याच्याबरोबर ब्रिटनची मधुमेहींची संघटना काढली.

पण मला लॉरेन्स आवडतो तो त्याच्या 'रेषां'साठी. पेशंटला ग्रॅम आणि कॅलरी समजावण्यापेक्षा त्याने पदार्थांचे काळे आणि लाल असे दोन गट केले. काळ्या गटातला एक वाटा म्हणजे १० ग्रॅम कर्बोदकं. एवढ्या काळ्या वाट्यांना एवढं इन्सुलिन. हिशेब साधा, आणि लिहिणारा स्वतः रोज टोचून घेणारा. आपल्या ताटाचा असा हिशेब करून बघा. मध्यम पोळीत साधारण २० ग्रॅम, म्हणजे लॉरेन्सचे दोन वाटे. ज्वारीची नेहमीची भाकरी ३५ ग्रॅमच्या आसपास. लहान वाटीभर शिजलेला भात, २५ ते ३०. वाटीभर वरण, १५. पनीर, अंडं, मासे, पालेभाजी, काकडी यांत नगण्य. आणि उपासाला चालते म्हणून बिनधास्त खाल्ली जाणारी साबुदाण्याची खिचडी? मूठभर कोरडा साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, एका प्लेटमध्ये ४० ग्रॅम सहज. काकूंनी पूर्वी दोन जेवणांत मिळून दीडशे ग्रॅम घेतले असतील, तर त्या चार दिवसांत तीसही नव्हते. सुई मात्र दीडशेचीच.

१९२६ च्या सुमारास वारं फिरलं. कॅलिफोर्नियाच्या सॅनसम यांनी, आणि नंतर मॉन्ट्रियलच्या रॅबिनोविच यांनी, रुग्णांना जास्त कर्बोदकं देऊन पाहिली, आणि इन्सुलिन त्या प्रमाणात वाढवावं लागत नाही असं सांगितलं. चरबीने रक्तवाहिन्या बिघडतात ही शंकाही तेव्हाचीच. जर्मनीच्या ब्रेस्लाऊमध्ये कार्ल श्टोल्टे हे बालरोगतज्ज्ञ त्याही पुढे गेले. मुलांना भावंडांसारखंच जेवू द्या, आणि जेवणाप्रमाणे दिवसातून अनेकदा इन्सुलिन द्या, असं त्यांचं म्हणणं. सहकाऱ्यांनी त्यांना मोडीत काढलं. आज टाईप १ च्या मुलांना आपण जवळपास तेच शिकवतो.

१९३६ साल महत्त्वाचं आहे, दोन कारणांनी. पहिलं, लंडनच्या हिम्सवर्थ यांनी दाखवलं की मधुमेह एक नाही. काहींचं शरीर इन्सुलिन दिल्यावर लगेच प्रतिसाद देतं, काहींचं देत नाही. टाईप १ आणि टाईप २ या आजच्या विभागणीचं बीज तिथे आहे. दुसरं, डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी प्रोटामीन हे प्रथिन मिसळून दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन बनवलं. रुग्णांना केवढा आनंद! तीन सुयांच्या जागी एक. पण त्या सुखाची किंमत होती. असं इन्सुलिन एकदा टोचलं की ते आपल्या वेळेने काम करतं, तुम्ही जेवलात की नाही हे ते बघत नाही. म्हणून मग अकराला बिस्किट, चारला काहीतरी, झोपताना दूध, असं सुईला खाऊ घालत बसायचं.

हा जुना इतिहास वाटत असेल, तर तुमच्या फ्रिजमधली बाटली बघा. ३०/७० लिहिलंय? त्यातला ७० टक्के भाग म्हणजे त्याच हागेडॉर्नच्या घराण्यातलं इन्सुलिन, आणि ३० टक्के साधं. सकाळी आठला टोचलेलं हे मिश्रण दुपारच्या जेवणासाठीही काम करत असतं. दुपारी तुम्ही फक्त कोशिंबीर खाल्ली, हे त्याला कोण सांगणार? काकूंचं रात्रीचं १६ युनिट असंच मध्यरात्रीपर्यंत इमाने इतबारे काम करत होतं.

मी हाऊसमन असताना, नव्वदीच्या सुरुवातीला, वॉर्डात अजून बेनेडिक्ट टेस्ट चालायची. निळं द्रावण, लघवीचे आठ थेंब, स्पिरिटचा दिवा. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी. रंगावरून इन्सुलिन. लघवीत साखर दिसते ती रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्यावर, म्हणजे निळा रंग आला की शुगर १७० आहे की ४०, हे कळायचं नाही. त्या आंधारात सगळे आहारतक्ते बनत होते. तक्ता सायक्लोस्टाईल केलेला, सगळ्यांना एकच. पोळ्या दोन, भात अर्धी वाटी, मधल्या वेळी मारी बिस्किटं. मी असे शेकडो वाटले आहेत.

या अंधारात बॅटरी कुणी लावली, तर एका इंजिनिअरने. रिचर्ड बर्नस्टीन, अमेरिकन, १९४६ मध्ये बाराव्या वर्षी मधुमेह झालेला. डॉक्टरांनी सांगितलेला भरपूर कर्बोदकांचा आहार आणि भरपूर इन्सुलिन तो इमानाने घेत राहिला, आणि पस्तिशीच्या आतच मूत्रपिंडातून प्रथिनं जायला लागली. १९६९ मध्ये त्याने एक जाहिरात पाहिली. रक्तातली साखर मिनिटभरात मोजणारं यंत्र, दीड किलोभर वजनाचं, किंमत ६५० डॉलर. ते होतं रुग्णालयांसाठी, रात्री बेशुद्ध आलेला माणूस दारू प्यायलेला आहे की मधुमेही, हे ओळखायला. सामान्य माणसाला ते विकत नसत. बर्नस्टीनची बायको डॉक्टर होती, तिच्या नावाने ऑर्डर दिली. मग हा गडी दिवसातून पाच-पाच वेळा रक्त तपासू लागला. बहुधा घरी असं करणारा जगातला पहिलाच.

इंजिनिअरचं डोकं. त्याला दिसलं की जास्त कर्बोदकं खाल्ली की साखर किती चढेल याचा अंदाज जास्त चुकतो, आणि जास्त इन्सुलिन टोचलं की ते किती उतरवेल याचाही अंदाज तेवढाच चुकतो. दोन मोठ्या चुका एकमेकींना गाठत नाहीत. एकदा ४०, एकदा ३५०. खाणं लहान आणि सुई लहान केली, तर चुकाही लहान. त्याने याला लहान आकड्यांचा नियम म्हटलं. सकाळी ६ ग्रॅम, दुपारी १२, रात्री १२, अशी दिवसाला ३० ग्रॅम कर्बोदकं, आणि त्याला मोजून इन्सुलिन. त्याची तब्येत सुधारली. निबंध लिहिले, ते कुणी छापेनात, कारण हा डॉक्टर नव्हता. मग पंचेचाळिशीत त्याने मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला आणि डॉक्टर झाला. २०२५ मध्ये नव्वदाव्या वर्षी तो गेला. टाईप १ मधुमेह घेऊन जवळजवळ ७९ वर्षं.

त्याचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण घरी रक्त तपासण्याचा त्याचा हट्ट बरोबर होता. १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ टाईप १ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंड आणि नसा वाचतात हे सिद्ध झालं. त्याच अभ्यासात काटेकोर गटात गंभीर हायपो तिपटीने जास्त झाले. बर्नस्टीनचं म्हणणं होतं, सुई लहान ठेवा म्हणजे हे होणार नाही. मुख्य प्रवाहाचं म्हणणं, जेवण मोकळं ठेवा आणि सुई जुळवायला शिकवा. २०१८ मध्ये बर्नस्टीनच्या वाटेने जाणाऱ्या ३१६ लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यांचं सरासरी एचबीए१सी ५.६७ होतं. आकडा थक्क करणारा आहे. पण ही मंडळी स्वतःहून हा मार्ग निवडलेली, शिस्तीची, एकमेकांना धरून राहणारी. माझ्या ओपीडीतल्या शंभर जणांना हा आकडा लावता येत नाही. २०१९ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेही मान्य केलं की साखर सुधारण्यासाठी कर्बोदकं कमी करण्याला सर्वांत जास्त पुरावा आहे. सत्तरीच्या दशकात याच संस्थेने कर्बोदकं मोकळी केली होती, ५० ते ६० टक्क्यांपर्यंत. मद्रासमध्ये डॉ. एम. विश्वनाथन यांनीही तेव्हा भरपूर कर्बोदकं पण भरपूर तंतुमय असा आहार सुचवला होता, आणि त्यामागे कारण होतं. धान्य हेच ज्या देशाचं अन्न, त्याला रोज मांस आणि चीज खा असं सांगून काय होणार?

तर शिक्षक काकांना मी हे सांगितलं. लो-कार्ब चालतो. टाईप २ मध्ये अनेकांचं इन्सुलिन त्याने कमी होतं, काहींचं सुटतंही. पण क्रम महत्त्वाचा. इन्सुलिन आधी कमी करायचं, किंवा निदान त्याच दिवशी. एकदम पोळी-भात बंद करणार असाल, तर टाईप २ मध्ये पहिल्याच दिवशी एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत मात्रा उतरवावी लागू शकते. किती, हे तुमचे डॉक्टर तुमची वही बघून ठरवतील, हा लेख नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी सोबत असेल तर तीही खाली खेचते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असतील, तर कडक लो-कार्बमध्ये साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. उलट्या, पोटदुखी, धाप लागली, तर मीटरवर १८० दिसतंय म्हणून घरी बसू नका. गरोदरपण किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय सुरूच करू नका. आणि टाईप १ असेल, तर कितीही कमी खा, इन्सुलिन पूर्ण बंद कधीही नाही. ॲलन यांच्या पेशंटना भूक एकटीच वाचवू शकली नाही, ती तुम्हालाही वाचवणार नाही.

हायपो झालाच, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अशा वेळी पनीर खाऊ नका, लो-कार्ब त्या दिवसापुरतं बाजूला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

काकूंना पोळी पुन्हा सुरू केली, दोन्ही वेळा एकेक. भात रविवारी. मिश्रण इन्सुलिन बंद करून दिवसातून एकदाचं दीर्घ चालणारं १४ युनिट ठेवलं, मग ते १० वर आलं. पहिले दोन आठवडे रोज चार वेळा तपासून मुलाने आकडे मोबाईलवर पाठवले. फाईलमधल्या माझ्या जुन्या ओळीखाली मी आता लिहून ठेवलंय, 'भात कमी केल्यास त्याच दिवशी फोन करणे.' नवरात्रात त्यांचा फोन आला, उपासाला साबुदाण्याऐवजी वरी चालेल का विचारायला. वरीतही पिष्ट भरपूर असतं, हे ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बरं, अर्धी वाटी. आणि सुईचं काय?"